गाय व्यायली त्याला तीन महिने झाले, माज दाखवत नाही. कोणतं इंजेक्शन चांगलं?

संगमनेरचा गोठा
राम राम मंडळी. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकर गाय, तिसरं वेत. पोळ्याच्या आसपास व्याली. वार (जार) आत अडकली होती, डॉक्टरांनी उपचार केले. महिन्याभरात २६ लिटरवर गेली, आता २२ देते. पण माज नाही. मध्ये एकदा बळस (माजातला चिकट स्राव) दिसला असं घरचे म्हणतात, खात्री नाही. मुरघास, हत्ती गवत, गोळी पेंड, थोडी सरकी आणि खनिज मिश्रण चालू आहे. एक जण म्हणतो इंजेक्शन देऊन माजावर आणा, दुसरा म्हणतो गूळ आणि मोड आलेली मटकी घाला. काय करू?

दावणीची ताई, फलटण
दादा, इंजेक्शनचं नंतर. व्याली तेव्हा अंगानं कशी होती आणि आता कशी दिसते? आणि डेअरीच्या पहिल्या महिन्याच्या पावत्या असतील तर फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि चरबी सोडून बाकीचे घन पदार्थ) टाका इथं.

संगमनेरचा गोठा
व्याली तेव्हा चांगली गुबगुबीत होती ताई. मागच्या वेतात उशिरा गाभण राहिली, दूध लवकर आटलं, चार-पाच महिने बसून खात होती. शेपटीच्या बुडाशी खळगाच दिसत नव्हता. आता माकडहाडं वर आलीत. पावती: पहिल्या महिन्यात फॅट ४.९, एसएनएफ ८.१. आता ३.७ आणि ८.४.

जनावरांचा डॉक्टर
एकट्या पावतीवर निदान होत नाही, पण ही पावती आणि गुबगुबीत गाय एकत्र आली की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. दूध साधारण दीड-दोन महिन्यांत शिखराला जातं, पण गायीची भूक त्यानंतर महिनाभरानं पूर्ण उघडते. मधली तूट ती अंगावरची चरबी वितळवून भरते. फार लठ्ठ गाय व्याल्यावर उलट कमी खाते, म्हणून जास्त चरबी वितळते. ती यकृतात साचते, रक्तात कीटोन (चरबी वितळताना यकृतात बनणारे पदार्थ) वाढतात. त्यातली थोडी चरबी दुधात उतरते, म्हणून फॅट ४.९. ताकद कमी म्हणून प्रथिनं कमी, एसएनएफ खाली. त्या वेळी फॅटचे पैसे जास्त आले म्हणून आपण खूश असतो.

आता माजाचं. रक्तात साखर आणि इन्सुलिन कमी असलं की मेंदूकडून अंडाशयाला निघणारा इशारा मंदावतो. बीज तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आज जे बीज पिकायला हवं त्याची वाढ त्या उपाशी दिवसांत सुरू झालेली असते. त्यात वार अडकलेली, म्हणजे गर्भाशयात दाह राहिलेला असू शकतो.

सांगोल्याचा गोठेवाला
डॉक्टर, मग इंजेक्शन द्यायचंच नाही का? आमच्याकडं दिलं की दोन-तीन दिवसांत माजावर येते.

जनावरांचा डॉक्टर
अंडाशयावर पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथं तयार होणारी गाठ) असेल तरच ते काम करतं. अंडाशय गुळगुळीत, थंड (काम बंद) असेल तर तेच इंजेक्शन पाण्यात गेलं समजा. म्हणून आधी हात घालून किंवा सोनोग्राफीनं तपासणी, गर्भाशयात पू आहे का तेही पाहून. पीतपिंड सापडला तर गाय चक्रात आहे, माज आपल्याला दिसला नाही एवढंच.

दावणीची ताई, फलटण
हेच सांगणार होते. जास्त दुधाच्या गायीचा माज काही तासांतच संपतो, आणि बराचदा रात्रीचा असतो. बांधलेली गाय दुसरीवर चढणार कशी? रात्री दहाला एक आणि पहाटे एक चक्कर मारा, शेपटीला वाळलेला बळस बघा. बळस दिसलेली तारीख कॅलेंडरवर लिहा, पुढं २१ दिवसांच्या आगेमागे लक्ष ठेवा.

संगमनेरचा गोठा
आणि गूळ-मटकी? पेंड वाढवू का?

जनावरांचा डॉक्टर
गूळ पोटातले जिवाणूच आंबवून खातात, साखर म्हणून रक्तात पोचत नाही. मटकी खाल्ली तर बिघडत नाही, पण अंगावरची तूट तिनं भरत नाही. पेंड एकदम वाढवू नका, आम्लता होऊन भूक अजून मरेल. आठ-दहा दिवसांत हळूहळू मका भरडा वाढवा, सुका कडबा कमी करू नका, बायपास फॅट (पोटातल्या जिवाणूंना चुकवून पुढं जाणारी चरबी) १०० ते १५० ग्रॅम द्या. अंग भरायला लागलं की बरंच काम होतं. प्रोपिलीन ग्लायकॉल (रक्तातली साखर वाढवणारं पातळ औषध) आता नको, ते व्याल्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांसाठी, रक्तात कीटोन वाढलेत तेव्हा.

संगमनेरचा गोठा
दुसरी गाय पुढच्या महिन्यात व्यायची आहे. तीही जाडच आहे.

जनावरांचा डॉक्टर
आता उपाशी ठेवून बारीक करू नका, त्यानं यकृत जास्त बिघडतं. १ (हाडकुळी) ते ५ (लठ्ठ) या अंगाच्या मापात व्यायच्या वेळी ३ ते ३.५ अंग असावं, पण ते भाकड काळात नव्हे, दूध चालू असताना राखायचं. शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास बंद, कॅल्शियमची पावडर बंद, नाहीतर व्याल्यावर तिला स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढणं जमत नाही. मग वार अडकायचा धोका वाढतो.

दावणीची ताई, फलटण
आणि व्याल्यावर पहिले दोन आठवडे लघवी तपासा. मेडिकलमध्ये कीटोनची पट्टी मिळते, शुगरवाले वापरतात ती. योनीच्या खाली हातानं हळू चोळलं की गाय लघवी करते, वाटीत धरायची, पट्टी बुडवायची, डबीवर लिहिलेल्या वेळेला रंग बघायचा. जांभळी झाली की डॉक्टरांना फोन. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, गोठ्याच्या दमट हवेत रंग खोटा येतो.