घुशी आल्या की घरातले उंदीर हटतात का?

कणगीवाला: पडवीत भाताच्या कणगीजवळ छोट्या घुशींनी बिळं केली आहेत. तेव्हापासून घरातले उंदीर माळ्यावरच खुडबुडतात, खाली उतरत नाहीत. चिचुंद्री मात्र भिंतीकडेनं बिनधास्त फिरते. घूस उंदरांना हुसकावते, की खाणं कमी पडलं म्हणून ते हटले? आणि चिचुंद्रीला कुणीच कसं छळत नाही?

रानवेडी: दादा, कणगीत भात शिल्लक असेल तर खाणं कमी पडलं असं म्हणता येणार नाही. मला तरी ही दमदाटी वाटते. आमच्या खाचरात घुशीची बिळं उकरलेली मी पाहिली आहेत: तोंड मातीनं बुजवलेलं, आत लोंब्यांचा साठा, आणि बहुतेक बिळांत पूर्ण वाढलेली एकच घूस. स्वतःच्या जातीलाही जवळ न करणारा प्राणी आहे हा.

चिचुंद्रीचं कोडं अमेरिकेत ॲरिझोनातल्या पोर्टल गावाजवळच्या प्रयोगानं छान सुटतं. तिथे १९७७मध्ये जेम्स ब्राउन या शास्त्रज्ञांनी वाळवंटात ५० मीटर लांब-रुंद कुंपणं घातली. काही कुंपणांची भोकं इतकी लहान ठेवली, की बिया खाणारा मोठा कांगारू उंदीर बाहेरच राहील आणि छोटे उंदीर आत-बाहेर करतील. त्या कुंपणांत बिया खाणारे छोटे उंदीर सरासरी साडेतीन पट झाले. नाकतोडे खाणारे उंदीर मात्र लक्षात येण्याइतके वाढले नाहीत, कारण कांगारू उंदराशी त्यांचा तंटा नव्हताच! चिचुंद्री तर उंदरांच्या गणातलीही नाही, ती झुरळं-किडे खाते. तिला कृपा करून मारू नका.

खडकवाट: वेळही बघा. इस्रायलमध्ये मृत समुद्राकाठी एन गेदीला काटेरी उंदरांच्या दोन जाती एकाच खडकांत राहतात. एक रात्री फिरते, दुसरी, सोनेरी, दिवसा. अमिराम श्कोल्निक या प्राणीशास्त्रज्ञांनी पहिलीचे उंदीर तिथून काढले, तर सोनेरी उंदीर रात्रीही बाहेर पडू लागले. डोळे त्यांचे रात्रीचेच, पण शेजाऱ्यामुळे उन्हात वावरत होते.

कणगीवाला: म्हणजे उंदीर खाली येत असतील, पण मी झोपल्यावर?

रानवेडी: शक्य आहे. रात्री कणगीभोवती राख पसरा, पावलं उमटतील. पिंजऱ्यात घुशी धरल्यावर, कणगीत भात तेवढाच असताना, उंदीर पुन्हा खाली दिसू लागले तर घुशीचाच धाक होता असं समजा. विष अजिबात टाकू नका, विष खाल्लेले तेच उंदीर घुबडांच्या पोटात जातात.