मदत हवी आहे: एमपीआर१२१ वर स्लायडर – बोट जागच्या जागी, आकडा मात्र घसरतोय

तांबेपट्टी

नमस्कार मंडळी. एमपीआर१२१ या स्पर्श ओळखणाऱ्या चिपवर पाच पट्ट्यांचा (क्रमांक ० ते ४) स्लायडर केलाय आणि कॅलिब्रेशनपाशी गाडी अडली आहे. खाली रजिस्टरचे (चिपमधल्या मेमरीच्या खणांचे) पत्ते आणि त्यांत लिहिलेल्या किमती हेक्समध्ये (१६ च्या पायावर) आहेत, डेल्टा आणि थ्रेशोल्ड दशमानात. बेसलाइन म्हणजे बोट नसतानाचं चिपने धरलेलं वाचन, आणि त्यातून आताचं वाचन वजा केलं की उरतो तो डेल्टा.

जोडणी: पुरवठा ३.३ व्होल्ट, आरईएक्सटी पिनवर ७५ किलोओहम १ टक्का, व्हीरेगवर ०.१ मायक्रोफॅरड, आयटूसी ४०० किलोहर्ट्झ. पट्ट्या पीसीबीवरच, करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींत घुसलेल्या, एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १० मिमी. वर २ मिमी ॲक्रिलिक.

सेटिंग: ५सी मध्ये १०, ५डी मध्ये २४, ७बी मध्ये ०बी, ५ई (चिप चालू-बंद करणारं रजिस्टर) मध्ये ८५. ७डी, ७ई, ७एफ मध्ये अनुक्रमे ९सी, ६५, ८सी. बेसलाइन फिल्टर (बेसलाइन किती वेगाने सरकेल ते ठरवणारे) एका तयार लायब्ररीतून घेतलेत: चढता ०१, ०१, ०ई, ०० आणि उतरता ०१, ०५, ०१, ००. खोटे स्पर्श येत होते म्हणून टच थ्रेशोल्ड ४० (डेल्टा याच्या वर गेला की स्पर्श) आणि रिलीज २० (याच्या खाली आला की बोट उठलं) केलाय.

बोट नसताना पाचही वाचनं ५६० च्या आसपास. पट्टी १ आणि २ च्या मध्ये बोट ठेवलं की डेल्टा येतात ३, ४१, २८, ४, ०. पाचही पट्ट्यांच्या क्रमांकांची डेल्टाने भारित सरासरी काढून ६४ ने गुणतो, म्हणजे स्थान ९२. बोट अजिबात न हलवता काही सेकंदांत डेल्टा ०, ४१, ६, ०, ० होतात आणि स्थान ७२ वर येतं. चांगले तीन मिलिमीटर! शिवाय उजव्या टोकाला २२९ च्या पुढे जात नाही, आणि एकूण प्रतिसाद सुस्त आहे.

ओहमवाला

तुमच्या ५६० नेच एक चूक उघडी पाडली. ५६० भागिले ४ म्हणजे १४०, हेक्समध्ये ८सी. ऑटो-कॉन्फिगने (चिप स्वतःच चार्ज करंट जुळवते ती सोय) दिलेलं लक्ष्य इमानदारीने गाठलंय, पण ९सी, ६५, ८सी हा संच १.८ व्होल्टसाठीचा आहे. सूत्र असं: वरची मर्यादा = २५६ × (पुरवठा − ०.७) ÷ पुरवठा, लक्ष्य तिच्या ९० टक्के, खालची मर्यादा ६५ टक्के. ३.३ व्होल्टला हे २०१, १८१, १३१ येतं. म्हणून ७डी मध्ये सी९, ७एफ मध्ये बी५, ७ई मध्ये ८३. रिकामं वाचन ७२४ च्या जवळ जाईल आणि त्याच बोटाचा डेल्टा साधारण सव्वापटीहून थोडा जास्त मिळेल.

आता घसरणीकडे. पट्टी १ चा डेल्टा ४१, म्हणजे ४० च्या थ्रेशोल्डवर जेमतेम चढलेला. तिला 'स्पर्श आहे' असा शिक्का बसतो आणि तिची बेसलाइन जागेवर थांबते, कारण ३३ ते ३५ या रजिस्टरांत शून्य असतं. पट्टी २ चा डेल्टा २८. चिपच्या लेखी हा स्पर्शच नाही, हवामानाचा बदल आहे! मग तिची बेसलाइन उतरत बोटाच्या वाचनापाशी जाते आणि डेल्टा आटतो. ४१ तसाच राहतो, २८ चा ६ होतो, सरासरी पट्टी १ कडे सरकते. चिप नियमानुसारच वागतेय. लायब्ररीतले आकडे सुट्या बटणांसाठी आहेत. तिथे शेजारच्या बटणावरचा अर्धामुर्धा डेल्टा कोणी विचारत नाही. स्लायडरमध्ये तोच तर माल.

थ्रेशोल्ड १२ आणि ६ करा. उतरता फिल्टर (२एफ ते ३२) ०१, ०१, एफएफ, ०२ ठेवा. तुमच्याकडे पायरी ५ ची आणि वाट पाहणं एकाच नमुन्याचं आहे, म्हणून बेसलाइन धावते. चढत्या फिल्टरमधला ०ई काढून ०० करा, म्हणजे बोट उचलल्यावर बेसलाइन झटकन परत येईल.

क्रम पाळा: ८० मध्ये ६३ लिहून रीसेट, ५ई मध्ये ००, मग बाकी सगळं, शेवटी ५ई. चिप चालू असताना ५ई आणि जीपीआयओची (साध्या इनपुट-आउटपुट पिनांची) रजिस्टरं सोडून इतर रजिस्टरांत लिहिलेलं घेतलंच जात नाही, आणि तक्रारही येत नाही. बदल खरोखर बसला का ते परत वाचून पाहा.

तांबेपट्टी

मर्यादा बदलल्यावर रिकामं वाचन ७२० ते ७२६. त्याच जागी डेल्टा ४, ५३, ३६, ५, ०. घसरण बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. सुस्तीसाठी ५डी मध्ये २४ ऐवजी २१ केलं, तर प्रतिसाद छान झाला आणि घसरण पुन्हा वाढली. असं का?

दोनबिट

कारण बेसलाइन फिल्टर मिलिसेकंद नाही, नमुने मोजतो. २४ मध्ये नमुन्यांमधलं अंतर १६ मिलिसेकंद आणि चार नमुन्यांची सरासरी, म्हणजे ६४ मिलिसेकंदांनी एक वाचन. हीच तुमची सुस्ती. २१ मध्ये अंतर २ मिलिसेकंद, म्हणजे ८ मिलिसेकंदांनी वाचन. प्रतिसाद आठपट चपळ, बेसलाइनही आठपट चपळ. ३२ मधला ०२ आठपट करून १० (हेक्स, म्हणजे सोळा) करा.

तरीही थ्रेशोल्डखालच्या पट्ट्या हळूहळू सरकणारच. पक्का उपाय कंट्रोलरमध्ये (चिपला जोडलेल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये) आहे: कोणतीही एक पट्टी 'स्पर्श' म्हणताच पाचही बेसलाइनची नक्कल मेमरीत घ्या आणि बोट उठेपर्यंत डेल्टा त्या नकलेवरूनच काढा. बेसलाइन रजिस्टर ८ बिटांचं आणि वाचन १० बिटांचं, त्यामुळे बेसलाइन आधी चारने गुणायची. उणे डेल्टा शून्य धरा. बोट उठलं हे चिपच्या बिटावरून ठरवू नका, कारण बोट सरकून ज्या पट्टीवर जातं तिची चिपमधली बेसलाइन आधीच बिघडलेली असू शकते. पाचही डेल्टांची बेरीज २० च्या खाली गेली की उठलं. पाण्याचा थेंब बसून राहिला तर नक्कल अडकते. अर्धा मिनिट स्थान हललं नाही तर ५ई मध्ये ०० आणि मग पुन्हा चालू.

चालू करताना ८५ ऐवजी सी५ वापरा. ८५ मध्ये सुरुवातीची बेसलाइन खालचे तीन बिट शून्य करून भरली जाते, म्हणजे १० बिटांच्या हिशेबात ती ३१ पर्यंत कमी असू शकते आणि लगेचचा पहिला स्पर्श अशक्त दिसतो. सी५ मध्ये पूर्ण किंमत जाते. पण ७बी मधले बेसलाइनचे बिट त्याला जुळलेच पाहिजेत, म्हणून तिथे ०बी ऐवजी ०एफ.

ओहमवाला

सरासरीही पाचांची नको. सर्वांत मोठा डेल्टा आणि त्याचे दोन शेजारी एवढेच घ्या. ४, ५३, ३६ वरून (५३ + ७२) ÷ ९३ × ६४ = ८६. लांबच्या पट्टीवरचे ४–५ अंक गोंगाटाचे असतात, पण क्रमांकाने गुणले गेल्यामुळे उगाच वजनदार ठरतात.

टोकाला २२९ येणं अपेक्षितच आहे. २५६ यायला शेजारच्या पट्टीवर शून्य डेल्टा हवा, आणि बोट एवढं अरुंद नसतं. दोन्ही टोकांचे आकडे नोंदवा आणि ताणून घ्या: (स्थान − डावं टोक) × २५५ ÷ (उजवं − डावं), बाहेर गेलं तर छाटा. त्याआधी प्रत्येक पट्टीच्या बरोबर मध्यावर बोट ठेवून कमाल डेल्टा लिहून काढा.

तांबेपट्टी

कमाल डेल्टा: ६०, ६२, ६१, ५८, ४४. शेवटची पट्टी मागे का?

दोनबिट

त्या कोपऱ्यावर ॲक्रिलिक नखाने दाबून धरा आणि शेजारी बोट ठेवा. डेल्टा उडी मारून ५५ च्या वर गेला तर खाली हवेची फट आहे. ॲक्रिलिकचा परावैद्युतांक साधारण ३, हवेचा १. अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे दीड मिलिमीटर जादा ॲक्रिलिक. दुहेरी चिकटपट्टीचा सलग तुकडा बुडबुडा न ठेवता लावा. चार कोपऱ्यांना ठिपके लावून भागत नाही. दाबूनही फरक पडला नाही तर ५एफ ते ६३ वाचा. पट्टी ४ चा चार्ज करंट इतरांपेक्षा ठळकपणे जास्त असेल तर तिची ट्रेस (पीसीबीवरची तांब्याची रेघ) लांब आहे किंवा ग्राउंडला फार चिकटून गेली आहे.

तांबेपट्टी

फटच होती. चिकटपट्टी बदलल्यावर शेवटची पट्टी ५७. उरलेला फरक डेल्टा × ६४ ÷ कमाल करून काढला. बेसलाइनची नक्कल, सी५ आणि ०एफ घातल्यावर बोट मिनिटभर ठेवलं तरी स्थान ८५ ते ८७. ताणण्यासाठी टोकं १९ आणि २३४ घेतली. फक्त मोबाइलच्या चार्जरवर चालवलं की ते पाच-सहा अंकांनी थरथरतं, बॅटरीवर नाही.

ओहमवाला

चार्जरचा गोंगाट. ५सी मध्ये ९० आणि ७बी मध्ये ८एफ करा. पहिल्या फिल्टरचे नमुने ६ वरून १८ होतात, आणि दोन्ही रजिस्टरांत ते बिट सारखेच हवेत. तरी थरथर उरली तर चार नमुन्यांची सरासरी कंट्रोलरमध्ये घ्या. ८ मिलिसेकंदांच्या हिशेबात ३२ होतात, बोटाला कळत नाही.