मदत हवी आहे: डांबरी रस्त्याच्या डिझाइनला आयआरसी ३७ (भारतीय नियमावली) की आश्टो (अमेरिकी पद्धत)?

मंडळी, राजापूरजवळच्या एका रस्त्याचं डिझाइन करतोय. खाली जांभ्याचा मुरूम, चार दिवस भिजवून सीबीआर (मातीच्या ताकदीचा आकडा) जेमतेम ६ टक्के. वाहतूक ५ एमएसए, म्हणजे रस्त्याच्या आयुष्यात प्रमाण आसाच्या ५० लाख फेऱ्या, धरली आहे. चिऱ्याचे ट्रक आहेतच. आयआरसी ३७ (२०१८) प्रमाणे आयआयटीपेव्ह या सॉफ्टवेअरमध्ये डांबराच्या तळाचा आणि सबग्रेडच्या (रस्त्याखालच्या मातीच्या) माथ्याचा स्ट्रेन (भाराने येणारी विकृती) मर्यादेत बसतोय. पण आषाढात आमची गटारं रस्त्यावरूनच वाहतात! आश्टो १९९३ मध्ये खडीच्या थरांना निचऱ्याचा गुणांक (थरातलं पाणी किती लवकर निघून जातं त्यावर ठरणारा) थेट लावता येतो, म्हणून ती पद्धतही करून बघितली. तिची मुळं मात्र इलिनॉयमधल्या १९५८-६० च्या चाचणीत; तिथे कुठला जांभा? आपल्या पावसाला हा गुणांक किती धरता? की साकवाजवळचा सखल तुकडा सरळ काँक्रीटचा करून काँक्रीट रस्त्यांची आयआरसी ५८ लावू?