पुण्याजवळचं खडकवासला धरण: ‘इंग्रजांचं टिकतं, आपलं फुटतं’ म्हणणाऱ्यांना

मुठाकाठ: सांडवा, तुमची कालची पोस्ट: “इंग्रजांचं खडकवासला १८७९ पासून उभं आहे, आपलं पानशेत पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेलं.” वाचून राहवलं नाही. १२ जुलै १९६१ ला वरचं पानशेत धरण फुटलं, तेव्हा खडकवासलाही फुटलं. खडकवासल्याच्या चौपाटीवरून दिसते त्या भिंतीचा फुटलेला भाग नंतर आपल्याच माणसांनी उभारला.

सांडवा: फुटलं, कारण वरून अख्खं पानशेत अंगावर आलं. त्याआधी ऐंशीएक पावसाळे त्या दगडी भिंतीने काढले. पानशेतच्या विमोचकाचं, म्हणजे पाणी सोडायच्या मार्गाचं काम अपुरं असताना पाणी अडवलं कुणी? इंग्रजांनी?

मुठाकाठ: घाई झाली, नाही कोण म्हणतंय? पण ती तेव्हाच्या निर्णयाची चूक. ‘आपल्याला बांधता येत नाही’ हे त्यातून कसं निघतं? १९६७ चा भूकंप कोयना धरणाने सोसला. तडे गेले, पण उभं राहिलं.

इंदापूरचा शेतकरी: कुणी बांधलं यावर भांडताय, कशासाठी बांधलं ते बोला. कालव्याने शेती भिजावी आणि पुण्यातल्या लष्करी कॅम्पाला पाणी मिळावं म्हणून. आता शहर आधी पितं. मागच्या उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याचं आवर्तन लांबलं, माझा दीड एकर ऊस वाळला.

मुठाकाठ: दादा, विषय सुरक्षिततेचा आहे.

इंदापूरचा शेतकरी: ऊस वाळला की आमचं घर बुडतं. ती सुरक्षितता नाही?

सिंहगड रोड: आमचं खरंच बुडालं. २५ जुलै २०२४, पहाट. धरणाला काही झालं नव्हतं, फक्त विसर्ग वाढवला होता. पार्किंगमध्ये छातीभर पाणी. सासूबाईंना खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. एक फोन नाही, भोंगा नाही.

सांडवा: ताई, खडकवासल्यात जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. वरून पाण्याचा येवा आला की सोडावंच लागतं. पूररेषेत इमारती उठल्या, त्याला धरण काय करणार?

सिंहगड रोड: परवानगी बघून, कर्ज काढून घर घेतलं आम्ही. पूररेषा आम्हाला शिकवू नका! रात्री पाणी सोडणाऱ्याला आकडा माहीत होता, आम्हाला नव्हता.

मुठाकाठ: मी हेच म्हणतोय. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी आहे, आपत्कालीन कृती आराखडाही आहे. तो आराखडा खालच्या सोसायट्यांपर्यंत पोचायला नको?

सांडवा: पोचायला हवा, हे मान्य. ‘इंग्रजांचं उभं आहे’ ही ओळ काढतो. पानशेतची नाही काढणार.