मेथीच्या कॅप्सूल आणि अंगावरचं दूध

दूध वाढावं म्हणून मेथीच्या कॅप्सूल घ्यायच्या, आणि वर 'झाडपाल्याचंच तर आहे, बाळाला काय होणार?' असं कुणी म्हटलेलं वाचलं आणि राहवलं नाही. आईच्या पोटात गेलेलं थोडंफार दुधात उतरू शकतं. ते कारखान्यातून आलं की झाडावरून, याच्याशी दुधाला काही देणंघेणं नसतं.

जेवणातली मेथी वेगळी आणि रोजच्या मूठभर कॅप्सूल वेगळ्या. मी घेत होते तेव्हा तीन-चार दिवसांत माझ्या घामाला आणि बाळाच्या लंगोटालाही पाकासारखा गोडसर वास यायला लागला. 'उतरतं' म्हणजे काय, ते तेव्हा कळलं! वास तसा निरुपद्रवी, पण एका दुर्मीळ जन्मजात आजारातही लघवीला असाच वास येतो, म्हणून बाळाच्या डॉक्टरांना मेथीचं आधी सांगून ठेवा. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय मेथीचा डोस नकोच. शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही जपून.

पुदिन्याचा अर्क किंवा तेल जास्त घेतलं तर उलट दूध कमी होतं, असा बऱ्याच जणींचा अनुभव आहे. सेंट जॉन्स वर्ट या उदासीवर घेतल्या जाणाऱ्या वनौषधीमुळे तर गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. (हे कुणी सांगतच नाही.)

'लॅक्टमेड' या स्तनपान आणि औषधांविषयीच्या मोफत ऑनलाइन माहितीकोशात एकेका वनस्पतीची नोंद सापडते. आणि दूध खरंच कमी आहे का, हे आधी बाळाचं वजन बघून ठरवा. मला कॅप्सूलपेक्षा वारंवार पाजण्यानेच फरक पडला.