पोट भरून खाते तरी वजन हलतच नाही, हे कुपोषण असेल का?

चिमणीची_आई: मुलगी 14 महिन्यांची, वजन 7.6 किलो आणि गेले तीन महिने काटा तिथेच. खात नाही म्हणावं तर दिवसातून तीनदा वाटीभर संपवते, मी सगळं पातळ करून गाळून देते म्हणजे घशात अडकायला नको. मध्ये दोनदा जुलाब झाले तेव्हा खाणं जवळजवळ बंदच ठेवलेलं, पोटाला आराम म्हणून. कुपोषण तर खायलाच मिळत नाही अशा मुलांना होतं ना?

रात्रपाळी: मुलांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून सांगते, गोम त्या गाळणीत आहे. या वयात पोट एवढंसं, एका वेळी जेमतेम 200-250 मिली मावतं, त्यात पाणीच गेलं की पोट भरतं, मूल गप्प होतं आणि आपण म्हणतो जेवली. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतकं घट्ट द्या, कुस्करून, वरून थोडं तेल. डाळ, अंडं, भाजी, फळ आलटून पालटून. दिवसाला 3-4 जेवणं, मध्ये एक-दोनदा खाऊ, आणि अंगावरचं दूध 2 वर्षांपर्यंत चालू राहू दे.
आणि जुलाबात खाणं बंद???? नका हो करू असं. आधीच भूक मेलेली, खाल्लेलं अंगी लागत नाही, त्यात उपास, मग प्रतिकारशक्ती जाते आणि पुढचा आजार येतो. ओआरएस द्या, झिंक डॉक्टर 10 ते 14 दिवस देतात ते पूर्ण करा, बरं वाटलं की दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

उंटावरचा: आमचा तर गुबगुबीत होता, सगळे कौतुक करायचे, तपासलं तर हिमोग्लोबिन 8. दिवसभर दुधाची बाटली तोंडात, मग जेवायला भूक कुठून राहणार, आणि दुधात लोह नसल्यातच जमा. तेही कुपोषणच म्हणे.

चिमणीची_आई: बापरे. घरच्या घरी काही कळतं का?

रात्रपाळी: टेपने डाव्या दंडाचा मधला घेर मोजा. 6 महिने ते 5 वर्षं वयात 12.5 सेंमीच्या खाली काळजीचं, 11.5 च्या खाली तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर सूज असेल, अंगठा दाबून खड्डा राहत असेल तर घेर कितीही असो, थेट हॉस्पिटल, घरी भराभर खाऊ घालायला जाऊ नका, अशा मुलांना एकदम जास्त दिलं तर जिवावर बेततं. पण दंड चांगला आला म्हणून निवांत बसू नका, तीन महिने वजन अडलंय म्हणजे डॉक्टरांना दाखवायचंच, उंचीपण मोजून घ्या.

चिमणीची_आई: 13.1 आला, सूज नाही. उद्याची अपॉइंटमेंट घेतली. अंडं आख्खं द्यायचं की फक्त पिवळं?

रात्रपाळी: आख्खं, नीट शिजवून. वजन दर वेळी त्याच काट्यावर करा.