धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा पायथा दर पावसाळ्यात खचतो. गोट्यांचा भर चालेल का?

कोथरूडकर: नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीसाठी २०० मीटर बंधाऱ्याचं डिझाइन पुण्यात सुरू आहे. उतार १:२, पायथ्याशी लाट २ मीटर. जुन्या बंधाऱ्याचे दगड समुद्राकडे घसरलेत, मागची माती वाहून जाते. दगड किती वजनाचा घ्यावा? की इंग्लंडमधल्या डंजनेसच्या किनाऱ्यासारखा गोट्यांचा भर टाकावा?

लाट_आणि_दगड: काळा पाषाण (२.७ टन प्रति घनमीटर), फुटणारी लाट, दोन थर, केडी (दगडाच्या स्थिरतेचा गुणांक) २ धरला तर हडसनच्या सूत्राने (लाटेवरून दगडाचं वजन काढण्याचं सूत्र) साधारण १.२५ टन येतात. पण पुळणीची (वाळूच्या किनाऱ्याची) पातळी कधी मोजली आहे? एप्रिल-मेमध्ये पुळण भरलेली असते, पावसाळ्यात वाळू समुद्रात ओढली जाते. पायथा १ मीटर खरवडला की तेवढी खोली वाढते आणि लाट त्या वाढीव खोलीच्या सुमारे ०.७८ पटीने वाढते, म्हणजे २ ऐवजी २.७८ मीटरची लाट आत येते. वजन लाटेच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने दगड ३.३ टनांवर जातो! तुमचे दगड घसरण्याचं कारण मला तरी हेच दिसतं. ऑगस्ट-सप्टेंबरची पातळी घ्या आणि पायथा तिच्याही खाली गाडा. खणता येत नसेल तर पुढे दगडांचा रुंद पट्टा टाका, खड्डा पडला की तो त्यात उतरून बसतो.

कोथरूडकर: पातळी मेमधलीच आहे, सर. आणि माती का वाहून जाते?

लाट_आणि_दगड: गाळणथर (पाणी जाऊ देऊन माती अडवणारा थर) नाही किंवा फाटलाय. आधी जिओटेक्स्टाइल (गाळणीचं कापड), त्यावर बारीक दगडांची गादी, मग वरच्या दगडाच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याचे दगड, शेवटी मोठ्या दगडांचे दोन थर. मोठा दगड कापडावर थेट सोडू नका. दोन्ही टोकं जमिनीकडे वळवा, नाहीतर समुद्र बाजूने आत शिरतो.

पुळण: डंजनेसला मुळातच चकमकीच्या गोट्यांचे प्रचंड साठे आहेत. प्रवाहाने पूर्वेला गेलेले गोटे ट्रकने परत आणून पश्चिमेकडे टाकतात, आणि हे दरवर्षी करावं लागतं. गोट्यांच्या फटींत पाणी मुरतं, म्हणून लाट थकते. आपल्या पुळणीवर त्या फटी वाळूने बुजतील. खाणीतली खडी तर नकोच: भुकटीमुळे भर घट्ट बसतो, लाट त्याला उभा कडा पाडते, वर उधाणात सुटी खडी अंगणात येते. बंधाऱ्याचा अंतिम छेद खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएसमध्ये (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र) प्रतिकृतीवर तपासून घ्या, तुम्हाला जवळच आहे. आणि सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी निविदेआधी.